कोहळ्याला आली फिट

बेंगळुरूतल्या इंदिरानगरच्या त्या इमारतीत खाली पिझ्झाचं दुकान, मधे जिम आणि सगळ्यात वर साक्षात चमत्कार! रविवारी सकाळी लिफ्टपुढे ही गर्दी. कोणी आयटीतली पोरं गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र अडकवूनच आलेली, कोणी म्हातारी माणसं नातवाच्या खांद्यावर हात टेकून आलेली, कोणी बाई झोपलेलं मूल कडेवर घेऊन. वर एसी हॉल, पुढे भिंतभर पडदा, आणि त्या पडद्यावर एका सात वर्षांच्या मुलीचं डोकं. कपाळ पिवळं, नाक हिरवं आणि उजव्या कानशिलावर लालभडक डाग.

"दिसला का? दिसला का वणवा?" गिरीराज स्वामी ओरडले. गावभर लोक त्यांना स्कॅनस्वामी म्हणत. "हॉस्पिटलवाले काय करतात? बोगद्यात घालतात, धडधड वाजवतात आणि हातात काळी-पांढरी फिल्म देतात. अहो, परमेश्वरानं मेंदू काळा-पांढरा केलाय का? न्यूरॉन म्हणजे काय? नूर ऑन! आतला नूर ऑन झाला की फिट ऑफ!"

टाळ्या! कन्नड, हिंदी आणि इंग्रजीचं हे कडबोळं लोक प्रसादासारखं झेलत होते.

मग स्वामींनी चांदीच्या वाटीत कापूस बुडवला. वाटीत हिमतीर्थ. कैलासावरून आणलेलं म्हणे. कापूस पोरीच्या कानशिलावरून हळूच फिरला आणि पडद्यावरचा लाल डाग पिवळा झाला, हिरवा झाला, बघता बघता निळाशार झाला. अख्खा हॉल उभा राहिला. पोरीच्या आईला रडू फुटलं. तिचं नाव संध्या, वर्षभरापूर्वी पुण्याहून नोकरीसाठी आलेली.

"वणवा विझला, अम्मा. आता गोळ्या कशाला? गोळी म्हणजे भीती. भीतीची आहुती द्या," स्वामी म्हणाले आणि त्यांनी स्टेजवरच्या पितळी हंड्याकडे बोट केलं. हंडा लोकांनी टाकलेल्या गोळ्यांनी निम्मा भरला होता.

शेवटच्या रांगेत एक बाई हात न जोडता, दातावर दात दाबून बसली होती. तिचं नाव विद्याश्री. हेब्बाळच्या एका टेक पार्कात वीज, लिफ्ट, एसी सगळं नीट चालतंय ना हे पाहणं तिचं काम. ती चमत्कार बघायला आली नव्हती. तिची नजर चांदीची वाटी धरून स्वामींच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसावर होती. तो तिचा सख्खा धाकटा भाऊ श्रीहर्ष, घरचा हर्षा, आणि त्याचा उजवा तळवा अजून बँडेजमध्ये होता.

या भावाची गोष्ट ऐका, म्हणजे विद्याश्रीच्या तळपायाची आग मस्तकात का गेली ते कळेल.

बसवनगुडीतलं हे जुनं मराठी घर. वडील गेलेले, आई तुंगाबाई आणि ही दोन भावंडं. हर्षाला शाळेत असल्यापासून फिट्स येत. धाडकन पडणाऱ्या नव्हेत. बोलता बोलता तो एकटक बघत राही, तोंडानं मचमच करी, डावा हात वाकडा होऊन ताठ होई आणि उजवा हात शर्टाची बटणं चाचपत राही. मिनिटभरानं शुद्धीवर आला की विचारी, "काय झालं, अक्का?" गोळ्यांनी फिट्स कमी झाल्या, पण सुटल्या नाहीत. मग शेजारच्या कोणीतरी तुंगाबाईंना स्कॅनस्वामी सुचवले. आई-लेक दोघंच जाऊन आले. पडद्यावर हर्षाच्या डाव्या कानशिलावर लाल डाग दिसला, हिमतीर्थानं तो निळा झाला, गोळ्या हंड्यात गेल्या. त्या रंगीत डोक्याचा फोटो चौकट करून देवघरात लागला.

पुढच्याच आठवड्यात हर्षा डोसे घालत असताना त्याला फिट आली. उजवा हात नेहमीसारखा चाचपायला लागला आणि चाचपता चाचपता तापलेल्या कावलीवर, डोशाच्या तव्यावर, टेकला. तो तिथेच टेकून राहिला! ह्याला पत्ताच नाही. तुंगाबाई मागच्या दारी कपडे वाळत घालत होत्या. त्यांना आधी वास आला.

आणि स्वामी काय म्हणाले माहीत आहे? "अरे, हे तर शुभ! रोग जाता जाता शेवटची लाथ मारून गेला." वर त्याला सेवक करून घेतलं आणि भाजलेला हात दाखवायला दर रविवारी स्टेजवर उभा केला. आपल्याच करणीचं भाजलेलं मांस हा माणूस जाहिरातीसारखं मिरवत होता!

विद्याश्रीला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. लोक म्हणतात क्षमा करावी. करा बापडे! तिला त्या माणसाला घाम फुटलेला बघायचा होता, आणि तोही सगळ्यांच्या देखत.

भाजल्यानंतर ती हर्षाला जबरदस्तीनं मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेली होती. तिथल्या डॉक्टर रंजिता मूळच्या बेळगावच्या, त्यामुळे मराठीतच बोलल्या. हर्षाच्या गोळ्या त्यांनी पुन्हा सुरू केल्या, एमआरआय केला, मग पेट स्कॅन केला आणि दोन्ही चित्रं भावंडांपुढे ठेवली.

"हे बघा, उजव्या बाजूला, कानाच्या आत खोलवर, हा भाग आक्रसलाय. जुना व्रण आहे. आता पेटमध्ये बघा. इंजेक्शनातून आपण किंचित किरणोत्सर्गी साखर दिली. मेंदूचा जो भाग काम करतो तो साखर खातो आणि उजळ दिसतो. हीच जागा फिकी आहे. दिसते?"

"फिकी कशी? फिट तिथूनच उठते ना?" विद्याश्रीनं विचारलं.

"फिट नसते तेव्हा ती जागा सहसा सुस्त पडलेली असते. लालभडक वगैरे काही नसतं. आणि डावा हात वळतो त्यावरूनही शंका उजव्या बाजूचीच येते. मेंदूचा उजवा भाग डावा हात चालवतो."

"स्वामींनी डावीकडे दाखवलं होतं," हर्षा पुटपुटला.

डॉक्टरांनी एवढंच सांगितलं की अजून एक तपासणी बाकी आहे. डोक्याला तारा चिकटवून, समोर कॅमेरा लावून हॉस्पिटलात राहायचं आणि फिट येण्याची वाट बघायची. ती नेमकी कुठून उठते ते तारा सांगतात. तिन्ही तपासण्यांनी एकाच जागेवर बोट ठेवलं तर ऑपरेशन करून तो व्रण काढता येतो, आणि अशा बऱ्याच रुग्णांच्या फिट्स थांबतात. सगळ्यांच्या थांबतात असं त्या म्हणाल्या नाहीत. दसऱ्यानंतरच्या सोमवारी बेड मिळणार होता.

पण हर्षा अडून बसला. "एक उजवीकडे म्हणतो, एक डावीकडे. कोणीतरी खोटं बोलतंय, अक्का. आणि निळं झालेलं मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. मी नाही डोकं फोडून घेणार."

"अरे, उद्या रस्ता ओलांडताना फिट आली तर? कावलीवर हात गेला, तसा बसखाली पाय जाईल!"

"नाही जाणार. मी आता बरा आहे," असं म्हणून तो स्वामींच्या सेवेला निघून गेला. हॉस्पिटलातून सुरू केलेल्या गोळ्याही त्यानं पुन्हा हंड्यात टाकल्या. बाईनं करावं तरी काय?

तिनं डोकं चालवलं. पहिला धागा हॉस्पिटलातच मिळाला होता. पेटच्या इंजेक्शनाआधी नर्सनं स्पिरिटचा बोळा दंडावर फिरवला तेव्हा हर्षा सहज म्हणाला होता, "हिमतीर्थासारखंच गार लागतंय की!" दुसरा धागा देवघरात टांगलेला होता. त्या फोटोतले लाल, पिवळे, निळे रंग विद्याश्री रोज कामावर बघत होती! टेक पार्कात विजेच्या पॅनेलमधली कोणती तार तापली आहे ते बघायला एक कॅमेरा असतो. तो फक्त वरवरची उष्णता बघतो, गरम ते लाल, गार ते निळं. कातडीच्या आत केसभरही त्याला दिसत नाही. स्वामींचं दिव्य यंत्र म्हणजे हाच कॅमेरा, वर जरीची शाल पांघरलेला.

तिनं साहेबांना विचारून तो कॅमेरा घरी आणला. तुंगाबाईंनी नुकताच गांधी बझारातून खंडेनवमीच्या आयुधपूजेसाठी भला मोठा कोहळा आणला होता. दरवर्षी आपल्या घरचा एकच, यंदा स्वामींच्या यंत्रालाही एक. विद्याश्रीनं कोहळा दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवला आणि सहज त्याच्यावर कॅमेरा धरला. बघते तर काय, कोहळ्याच्या दोन्ही गालांवर तिच्या तळव्यांचे दोन लालभडक ठसे!

"अगं बाई! ह्याला दोन्हीकडून फिट येते का?" तुंगाबाई म्हणाल्या आणि म्हणता म्हणता त्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी देवघरातल्या फोटोकडे पाहिलं, मग पदर तोंडाला लावला. लेकाच्या गोळ्या त्यांनी स्वतःच्या हातानं हंड्यात टाकल्या होत्या.

हर्षा घरी आल्यावर त्यालाही दाखवलं. तो हसला. "हे तुझं यंत्र झालं, अक्का. स्वामींचं यंत्र मंत्र घालून जपानहून आणलंय. ते खोटं बोलत नाही."

"सरी, चालेल," विद्याश्री म्हणाली. "मग त्यांच्याच यंत्रावर बघू. पण ते खोटं निघालं तर सोमवारी हॉस्पिटलात यायचं. आईची शपथ घे."

त्यानं शपथ घेतली, कारण त्याला खात्रीच होती. बोलता बोलता आणखी एक गोष्ट तो सांगून गेला. सकाळी स्वामींना ताकाबरोबर गोळी तोच देतो, ब्रह्मतेजाची. उरलेल्या गोळ्यांचं एक पाकीट त्याच्या खिशातच राहिलं होतं. विद्याश्रीनं ते उलटसुलट करून पाहिलं. आई रोज घेते तीच ब्लडप्रेशरची गोळी! पाकीट तिनं गुपचूप पर्समध्ये टाकलं.

खंडेनवमी उजाडली. बेंगळुरूत ह्या दिवशी बस, ऑटो, लेथ, कॉम्प्युटर, जे जे चालतं त्या सगळ्याची पूजा होते. कोहळा ओवाळतात आणि दारात आपटून फोडतात. यंत्र झोपलेलं असताना पूजा करायची नाही, ते चालू हवं, हा स्वामींचाच नियम. त्यामुळे झेंडूच्या माळांनी मढवलेला कॅमेरा चालू होता आणि मागे पडदाही चालू होता. हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. आज तुंगाबाईही आल्या होत्या. पलीकडेच संध्या बसली होती, मांडीवर लेक शाल्मली. पोरीच्या हनुवटीवर टाके होते.

"काय झालं हो?" विद्याश्रीनं विचारलं.

"गोळ्या बंद केल्यावर बाथरूममध्ये पडली. बट स्वामी म्हणाले, शेवटची लाथ आहे," संध्या म्हणाली, पण तिचा आवाज काही बरा वाटत नव्हता.

शेवटची लाथ! विद्याश्रीच्या हाताच्या मुठी वळल्या.

स्वामींनी तुंगाबाईंच्या घरचा, हर्षानं आदल्या दिवशीच आणून ठेवलेला कोहळा दोन्ही तळव्यांत धरला आणि मंत्र सुरू केला. मंत्र चांगला लांबलचक. एसीत रात्रभर गार झालेला कोहळा स्वामींच्या गुबगुबीत हातांत मस्त शेकत होता. मंत्र संपला, स्वामींनी कोहळा यंत्रासमोर पाटावर ठेवला, हात जोडले आणि डोळे मिटले.

पडद्यावर कोहळा आला. निळाशार कोहळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन लालबुंद डाग.

पहिल्या रांगेनं माना पुढे काढल्या. मग कोणीतरी फिसकन हसलं.

विद्याश्री उभी राहिली. "स्वामी, डोळे उघडा! कोहळ्याला फिट आलीय. एक नाही, दोन!"

स्वामींनी डोळे उघडले, वळून पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. पण गडी मुरलेला. "भक्तहो, ही सृष्टीची प्राणशक्ती! कोहळ्यातही चैतन्य आहे, क्वांटम चैतन्य!"

"चैतन्याला पाच बोटं असतात का हो?" विद्याश्री स्टेजकडे निघाली. "नीट बघा. हा अंगठा, ही चार बोटं. अंगठ्यांसकट छाप आहेत तुमचे!"

आता मात्र हसण्याची लाट उठली. दोन सेवक तिला अडवायला धावले, पण तुंगाबाई मधे उभ्या राहिल्या. "हात लावून तर बघा माझ्या लेकीला!" सेवक जागच्या जागी थबकले.

"हर्षा, वाटी आण," विद्याश्री म्हणाली.

हर्षानं वाटी आणली, स्वतःच कापूस हिमतीर्थात बुडवला आणि कोहळ्यावरच्या लाल डागावर फिरवला. लाल, पिवळा, हिरवा, निळा. कोहळा बरा झाला! त्यानं वाटी नाकाशी नेली. कापूर होता, वाळा होता आणि त्या दोघांखाली दंडावरच्या बोळ्याचा वास होता.

"स्पिरिट आहे हे," तो म्हणाला. "लावलं की उडून जातं आणि कातडी गार पडते." त्यानं आपला चांगला, डावा तळवा कोहळ्यावर दाबून धरला आणि उचलला. पडद्यावर त्याच्याच हाताचा लाल ठसा उमटला. तो ठशाकडून विद्याश्रीकडे वळला.

"पण मला लाल डाग कसा आला, अक्का? मला तर कोणी हात लावला नव्हता."

"स्कॅनच्या आधी कुठे झोपवलं होतं?"

"ध्यानाच्या उशीवर. कुशीवर." आणि म्हणता म्हणता तो धावला. आतल्या खोलीतून त्यानं जरीची उशी ओढत आणली, डाव्या हातानं आणि दातांनी तिची चेन उघडली. आतून निघाली कंबर शेकायची विजेची पिशवी, वायरसकट! "आधी विचारतात, कोणता हात वळतो? मी म्हटलं डावा. मग म्हणाले, डाव्या कुशीवर झोप. म्हणून डावीकडे लाल! सांगितलेल्या हाताची बाजू शेकायची, बस्स. मेंदू उलटा चालतो हे ह्यांना माहीतच नाही!"

आता लोक हसत नव्हते. खुर्च्या मागे सरकत होत्या. स्वामींच्या कपाळावर घाम आला, आणि गंमत म्हणजे यंत्रानं तोही दाखवला. पडद्याच्या कोपऱ्यात त्यांचं कपाळ ओलं होऊन निळं पडत चाललं होतं.

"हे कारस्थान आहे! श्रद्धा नाही तिथे यंत्र..." स्वामींची बोबडी वळली.

"श्रद्धा राहू द्या बाजूला," विद्याश्रीनं पर्समधून पाकीट काढून उंच धरलं. "ही तुमची ब्रह्मतेजाची गोळी. रोज सकाळी ताकाबरोबर घेता ती. ब्लडप्रेशरची आहे, माझी आईसुद्धा घेते. गोळी म्हणजे भीती ना? मग द्या आहुती. आत्ता, आमच्या समोर. इथून पुढे एकही घ्यायची नाही."

तोवर संध्या उठलीच होती. टाके पडलेली पोर कडेवर घेऊन ती थेट हंड्यापाशी आली. "माझ्या मुलीच्या टाकायला लावल्यात ना? मग तुमच्याही टाका. टाका म्हणते ना!"

"टाका! टाका!" हॉल गर्जू लागला. लोकांनी स्वामींभोवती कोंडाळं केलं. स्वामी मागे सरकता सरकता हंड्याला अडखळले आणि तोल जाऊन खाली बसले. तिथूनच, दोन्ही हात जोडून, आयुष्यात पहिल्यांदा ते खरं बोलले.

"नको हो! डॉक्टरांनी सांगितलंय, ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही. चुकवली तर जीव जाईल माझा!"

बस्स. विद्याश्रीला हेच ऐकायचं होतं. ती वाकली आणि त्यांच्या तोंडाजवळ तोंड नेऊन म्हणाली, "आणि माझ्या भावाचा जीव काय वाटेवर पडला होता?"

तिला त्यांची दया आली का? मुळीच नाही. माझं ऐकाल तर येऊही नये. तिनं पाकीट स्वामींच्या मांडीवर टाकलं. "घ्या. रोज घ्या. मला तुम्ही जिवंत हवे आहात, कोर्टात उभं राहायला."

पोलीस आले. उशी, वाटी, कॅमेरा आणि हंडा, सगळं जप्त झालं. स्वामींना लिफ्टनं खाली नेलं तेव्हा पिझ्झाच्या दुकानातली गिऱ्हाइकंसुद्धा बाहेर येऊन बघत होती. कोणी हंड्यातल्या गोळ्या परत मागायला लागलं, तेव्हा विद्याश्रीनं अडवलं. "ह्या आता घेऊ नका, सगळ्या एकमेकांत मिसळल्यात. आजच्या आज आपापल्या डॉक्टरांना फोन करा, बाकी सगळं नंतर." संध्यानं तिथेच उभ्या उभ्या फोन लावला.

सोमवारी हर्षा हॉस्पिटलात दाखल झाला. डोक्याला तारा चिकटवल्या, समोर कॅमेरा लागला. एरवी ज्या फिटच्या नावानं घर थरथरायचं, तिचीच आता सगळे पाहुण्यासारखी वाट बघत होते. ती आली. डावा हात ताठ झाला, उजवा चादर चाचपू लागला, नर्स धावली, तुंगाबाईंनी विद्याश्रीचा हात घट्ट धरला. नंतर डॉक्टर रंजितांनी तारांचा आलेख दाखवला. उजवीकडे, कानाच्या आत, तीच आक्रसलेली, तीच फिकी जागा. तिन्ही तपासण्यांचं एकमत झालं होतं.

"काढता येईल," त्या म्हणाल्या.

"कधी?" हे हर्षानंच विचारलं.

बाबांनो, खरं यंत्र आणि खोटं यंत्र ओळखायला डॉक्टर व्हायला लागत नाही. खरा माणूस तीन-तीनदा तपासतो आणि तरीही खात्री देताना जपून बोलतो. खोटा एकदाच दाखवतो, टाळ्या घेतो आणि गोळ्या टाकायला सांगतो. फिट म्हणजे पाप नाही, शाप नाही, वणवा तर नाहीच नाही. तो मेंदूचा आजार आहे आणि मेंदूच्या डॉक्टरकडे त्याला इलाज आहेत. उद्या कोणी तुम्हाला पडद्यावर लाल डाग दाखवला तर हात जोडण्याआधी म्हणा, "स्वामी, आधी कोहळा दाखवा." आणि तुमच्या माणसाच्या गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या, तर आधी त्याच्या खिशात हात घालून बघा, तो स्वतः कोणत्या घेतो ते.

तुंगाबाईंनी देवघरातला तो रंगीत फोटो काढला. चौकट चांगली होती म्हणून ठेवून घेतली, फोटो मात्र फाडला. बारीक बारीक तुकडे करून फाडला, आणि प्रत्येक तुकड्याला एक शिवी दिली.